ज्याला घडवता येत नाही, त्याला विकतही घेता येत नाही

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांचा एक वाद दर हिवाळ्यात ठरलेला असतो. एक पक्ष म्हणतो, मालकाने थैली सैल सोडावी आणि नावाजलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणावा. दुसरा म्हणतो, धीर धरा, मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या लीगमधली, आपली पोरे तयार होत आहेत, त्यांच्या वाटेत भाडोत्री माणसे आणून बसवू नका. दोघांकडेही दाखले भरपूर असतात. घरच्यांचा कैवारी २०१० च्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे बोट दाखवतो. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत, लिन्सेकम, केन, सांचेझ आणि बमगार्नर या चौघांनी सामने सुरू केले आणि चौघेही जायंट्सनेच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलेले होते. खरेदीचा कैवारी २००१ च्या ॲरिझोना डायमंडबॅक्सचे नाव घेतो. रँडी जॉन्सन आणि कर्ट शिलिंग, दोघेही बाहेरून आणलेले, आणि वर्ल्ड सिरीजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही दोघांत विभागून. दाखले दोन्ही बाजूंनी इतके तोलामोलाचे असतील तर वादाची मांडणीच तपासून पाहायला हवी.

माझे म्हणणे असे की पिचर कुठून आला हा दुय्यम प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की आलेल्या पिचरला आहे त्याहून चांगला करण्याची विद्या संघाकडे आहे का. ती विद्या असेल तर घरचाही फळतो आणि बाहेरचाही. ती नसेल तर घरचा वाया जातो आणि बाहेरच्यासाठी दुप्पट दाम मोजावे लागते. ही विद्या मायनर लीगच्या मैदानांवर, स्वतःची मुले वाढवतानाच अंगी मुरते. म्हणून घरच्या पिचरांवर भर द्यावा, असे मी म्हणतो. त्यामागचे कारण मात्र नेहमी सांगितले जाते त्याहून वेगळे आहे. ते टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. आधी हाताचा विचार

पिचिंगच्या कोणत्याही योजनेची सुरुवात माणसाच्या कोपरापासून करावी लागते. पूर्ण ताकदीने चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जो ताण येतो, तो त्याच्या सहनशक्तीच्या काठावरचा असतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला आणि एक संपलेली कारकीर्द पुन्हा सुरू झाली. आज ती शस्त्रक्रिया त्या पिचरच्याच नावाने ओळखली जाते आणि मेजर लीगमधल्या कितीतरी पिचरांवर ती झालेली असते.

परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडत चालली आहे. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर एक अहवाल प्रसिद्ध केला. २००८ मध्ये साध्या वेगवान चेंडूचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ वर गेला. २००५ मध्ये पिचरांची नावे दुखापतग्रस्तांच्या यादीत २१२ वेळा गेली होती, २०२४ मध्ये ४८५ वेळा. वेग, चेंडूची वळवळ आणि प्रत्येक चेंडूला सर्वस्व पणाला लावण्याची सवय, यांच्याकडे अहवाल बोट दाखवतो.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. एका हातावर भिस्त ठेवणे हीच मूळ चूक आहे, मग तो हात घरचा असो की बाहेरचा. हंगाम १६२ सामन्यांचा, आणि सामना सुरू करणारा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदाच खेळतो. पाच जण ठरवून ठेवले तरी वर्षअखेर दहा-बारा लागतात. पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स पाहा. २०२३ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, अस्सल घरचा. २०२५ मध्ये त्याने दर नऊ इनिंगमागे फक्त १.९७ धावा दिल्या आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. तरी त्याच्या खात्यावर १० विजय आणि १० पराभव लागले, आणि संघ ७१ सामने जिंकून ९१ हरला. एक तारा घरात उगवला म्हणून घर उजळत नाही. हवा असतो तो हातांचा सलग पुरवठा. बाजारातून एक मोठा करार करून एक हात मिळतो, पुरवठा मिळत नाही.

२. पैशाचा हिशेब म्हणजे वयाचा हिशेब

घरचा पिचर स्वस्त पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मेजर लीगमध्ये आल्यावर साधारण पहिली तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो. हे वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते. पुढची तीन वर्षे लवादाच्या पद्धतीने पगार वाढत जातो आणि सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर तो फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा. सर्वोत्तम हंगाम बहुधा याच सहा वर्षांत होऊन जातात. बाजारात येतो तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर असतो आणि त्याची किंमत मागच्या कामगिरीवरून ठरते. पैसा भूतकाळासाठी मोजायचा आणि चेंडू मात्र भविष्यकाळात टाकून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

बॅरी झिटोचा करार हे याचे ठळक उदाहरण. ओकलंडच्या मायनर लीगमधून वर आलेल्या झिटोने २००२ मध्ये साय यंग पटकावला. डिसेंबर २००६ मध्ये जायंट्सने त्याला सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर दिले. तोवर कोणत्याही पिचरला एवढी रक्कम मिळाली नव्हती. २०१० मध्ये जायंट्स विजेते झाले तेव्हा प्लेऑफच्या यादीत त्याचे नावही नव्हते. दोन वर्षांनी मात्र त्याच झिटोने, हरले तर बाहेर अशा अवस्थेत सापडलेल्या संघाला सेंट लुइसमध्ये तारले आणि वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना जिंकून दिला. त्याच्या जिद्दीला तोड नव्हती. चुकीची होती ती किंमत आणि खरेदीची वेळ.

घरच्यांचे कैवारी इथे टाळ्या वाजवतील, पण स्टीव्हन स्ट्रासबर्गची गोष्टही त्यांनी ऐकावी. २००९ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, वॉशिंग्टन नॅशनल्सचा लाडका, २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच डिसेंबरमध्ये संघाने त्याच्याशी सात वर्षांचा २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर तो फक्त आठ सामने खेळू शकला. माणूस घरचा होता, करार मात्र फ्री एजंटचाच होता, आणि तोट्याचे मूळ करारात होते. उलट त्याच संघाने २०१५ च्या आरंभी बाहेरून आणलेल्या मॅक्स शर्झरचा २१ कोटी डॉलरचा करार दोन साय यंग आणि एक विजेतेपद देऊन गेला. घरचा की बाहेरचा या कसोटीवर या दोन करारांचा उलगडा होत नाही.

३. तीन वाटांनी आलेले तिघे

१९९० च्या दशकातल्या अटलांटा ब्रेव्ह्जइतका सखोल पिचिंगचा ताफा क्वचितच कोणी उभा केला असेल. त्यातले तिघे आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत आणि तिघेही वेगवेगळ्या वाटांनी आले होते.

टॉम ग्लॅव्हिनला ब्रेव्ह्जने १९८४ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत घेतले. १९८८ मध्ये तो ७ सामने जिंकला आणि १७ हरला. संघाने त्याला टाकले नाही. १९९१ मध्ये तो साय यंगचा मानकरी ठरला. जॉन स्मोल्ट्झ डेट्रॉइट टायगर्सचा मायनर लीगमधला वीस वर्षांचा पोरगा. ऑगस्ट १९८७ मध्ये ब्रेव्ह्जने अनुभवी डॉयल अलेक्झांडर देऊन त्याला घेतले. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि टायगर्सनी आपला विभाग जिंकला. त्यांना हवे ते मिळाले. स्मोल्ट्झने पुढची दोन दशके ब्रेव्ह्जला दिली. ग्रेग मॅडक्सने शिकागो कब्जकडून १९९२ चा साय यंग जिंकला आणि त्याच डिसेंबरमध्ये पाच वर्षे, २ कोटी ८० लाख डॉलर अशा करारावर तो अटलांटात आला. पुढचे तीन साय यंग त्याने ब्रेव्ह्जच्या गणवेशात मिळवले.

एक ड्राफ्टमधून, एक अदलाबदलीतून, एक बाजारातून. या ताफ्याला घरचा म्हणायचे की बाहेरचा? अनुक्रम पाहिला की उत्तर सापडते. बॉबी कॉक्स जनरल मॅनेजर असताना, १९८० च्या उत्तरार्धात, ब्रेव्ह्ज तळाला होते आणि तरुण हात जमवण्यात गुंतले होते. ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ, स्टीव्ह एव्हरी मार खात खात तयार झाले. लिओ मझोनीसारखा प्रशिक्षक त्यांच्या पाठीशी होता. मॅडक्स आला तो या उभ्या राहिलेल्या इमारतीवर कळस म्हणून. पायाच्या जागी त्याला कुणी बसवले नाही. बाहेरचा मोठा पिचर आणण्याची योग्य वेळ ती हीच.

४. घडवणे म्हणजे नेमके काय

‘घडवणे’ म्हणजे चांगला मुलगा निवडून वाट पाहत बसणे, असा समज आहे. वाट पाहणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. खरे काम किती बारीक असते ते गेरिट कोलच्या उदाहरणात दिसते.

कोल २०११ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, पायरेट्सची. ताशी ९५-९६ मैलांचा चेंडू, धिप्पाड शरीर, सगळे काही होते. पायरेट्सचा त्या काळातला भर सिंकरवर होता. हा चेंडू शेवटच्या क्षणी खाली बसतो आणि फलंदाजाकडून जमिनीलगतचा फटका काढून घेतो. २०१७ मध्ये कोलने २०३ इनिंगमध्ये १९६ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले, पण दर नऊ इनिंगमागे ४.२६ धावा दिल्या. जानेवारी २०१८ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने त्याला अदलाबदलीत घेतले. तिथे सेकंदाला हजारो चित्रे टिपणारे कॅमेरे बोटांच्या टोकावरून चेंडू सुटतानाचा क्षण दाखवत होते आणि चेंडूची फिरकी मोजली जात होती. निष्कर्ष साधा निघाला. सिंकर जवळजवळ सोडून दे, सरळ वेगवान चेंडू स्ट्राइक झोनच्या वरच्या भागात टाक आणि कर्व्ह व स्लायडर हे वळणारे चेंडू वाढव. हात तोच होता आणि ताकदही तीच. पुढच्या हंगामात साधारण तेवढ्याच इनिंगमध्ये २७६ स्ट्राइकआउट झाले आणि सरासरी २.८८ वर आली. २०१९ मध्ये ३२६ स्ट्राइकआउट आणि सरासरी २.५०. मग यांकीजने त्याला नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर दिले.

या प्रवासात तीन संघ आहेत. पायरेट्सकडे कोल घरचा होता, पण त्याच्यातले सोने त्यांना पूर्ण वेचता आले नाही. ॲस्ट्रोजना तो परका होता, आणि त्यांनी ते वेचले. यांकीजने तयार दागिना सराफाच्या भावाने घेतला. यातले ॲस्ट्रोज निव्वळ खरेदीदार होते असे कोणी समजू नये. फ्रॅम्बर वाल्देझ आणि क्रिस्तियान हाविएर या डॉमिनिकन मुलांना त्यांनी २०१५ मध्ये प्रत्येकी १० हजार डॉलरवर करारबद्ध केले होते. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात फिलाडेल्फियाला एकही हिट मिळाला नाही, तो सामना हाविएरने सुरू केला होता. १० हजारांचा मुलगा घडवणारे डोळे आणि कोलमधली उणीव ओळखणारे डोळे एकच होते.

घडवणाराच चांगला खरेदीदार ठरतो, याची कारणे तीन. पहिले, दुसऱ्याच्या अंगणातला अपुरा पिचर पाहून तो का अडला आहे हे घडवणाऱ्यालाच कळते. क्लीव्हलँडने २०१० मध्ये पाद्रेजच्या मायनर लीगमधला कोरी क्लुबर उचलला, तेव्हा त्याचे नाव फार कुणाला ठाऊक नव्हते. पुढे त्याने दोन साय यंग जिंकले. दुसरे, अदलाबदलीच्या बाजारात तरुण पिचर हेच चलन चालते, आणि ज्याच्याकडे ते पिकते त्याला खर्चायला असते. तिसरे, ज्याच्या कोठारात धान्य आहे त्याला दुष्काळाच्या भावाने खरेदी करावी लागत नाही. तो थांबू शकतो. गरजू माणसाला थांबता येत नाही, आणि बाजार हे लगेच ओळखतो. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?

५. चार आक्षेप

पहिला आक्षेप २०१६ च्या कब्जचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. १९०८ नंतरचे पहिले विजेतेपद त्यांनी लेस्टर, ॲरिएटा, हेंड्रिक्स आणि लॅकी यांच्या जोरावर मिळवले. चौघेही बाहेरचे. संघाची सूत्रे थिओ एपस्टाइनकडे असताना ड्राफ्टमधल्या पहिल्या निवडी ब्रायंट, श्वार्बर, हॅप अशा फलंदाजांवर खर्च झाल्या. विचार असा, की पिचर मोडतात, फलंदाज टिकतात, तेव्हा फलंदाज वाढवा आणि पिचर मिळवा. हे धोरण मूर्खपणाचे नव्हते, त्याने विजेतेपद दिले. पण त्यातले यश कुठे होते ते पाहावे. जेक ॲरिएटाने बाल्टिमोरमध्ये दर नऊ इनिंगमागे ५.४६ धावा दिल्या होत्या. शिकागोने त्याला शरीराला आडव्या जाणाऱ्या त्याच्या नैसर्गिक शैलीत फेकू दिले आणि २०१५ मध्ये त्याची सरासरी १.७७ झाली. हेंड्रिक्स रेंजर्सकडून मायनर लीगमधला असताना आला. म्हणजे कब्जची फळलेली खरेदी अर्धवट घडलेल्या पिचरांची होती. आणि मायनर लीगमधून हातांचा प्रवाह नसल्यामुळे पुढे किंमत मोजावी लागली. २०१६ मध्ये पिचर चॅपमनसाठी तरुण ग्लेबर टोरेस गेला. २०१७ मध्ये पिचर किन्तानासाठी इलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस हे तरुण गेले. तो सीस कब्जनेच ड्राफ्ट केलेला पिचर, २०२२ मध्ये साय यंगच्या मतदानात दुसरा आला. २०१६ नंतर कब्ज पुन्हा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचलेले नाहीत. एक शिखर सर झाले, वाट तयार झाली नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा: लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाहा, पैसा असला की सगळे विकत मिळते. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सचे सातही सामने स्नेल, यामामोटो, ग्लास्नाऊ आणि ओहतानी यांनी सुरू केले. यामामोटोने तीन सामने जिंकले, त्यातले शेवटचे दोन लागोपाठच्या दिवशी. हे नाकारण्याचे कारण नाही. पण ३२ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला तेव्हा यामामोटो पंचविशीत होता, उताराला लागलेला नव्हता. आणि स्नेल व ग्लास्नाऊ त्या हंगामात महिनोन्महिने जायबंदी असताना सामने पार पाडायला ड्राफ्टमधून आलेले कर्शॉ आणि शीहन होते. अमाप पैसा असलेल्या संघालाही कोठार लागते. ज्यांच्याकडे तेवढा पैसा नाही त्यांनी ॲरिझोना आठवावी. विजेतेपदाच्या वेळी जॉन्सन ३८ वर्षांचा होता आणि शिलिंग पस्तिशीच्या उंबरठ्यावर. विजेतेपदानंतर तीनच वर्षांनी तो संघ १११ सामने हरला.

तिसरा आक्षेप: तरुण पिचर हे मृगजळ आहे. ब्रायन टेलर १९९१ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड होता, मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. १९९० च्या दशकात न्यूयॉर्क मेट्सने विल्सन, पल्सिफर आणि इसरिंगहाउसेन या तिघांवर भविष्य बांधले, आणि दुखापतींनी ते पाडले. हे दाखले खरे आहेत, पण ते माझ्या बाजूचे आहेत. मोजक्या लाडक्यांवर भविष्य टांगणे हे घडवणे नव्हे. सिअ‍ॅटल मरिनर्सनी पहिल्या फेरीतून गिल्बर्ट आणि कर्बी घेतले, त्याचबरोबर २०२१ मध्ये चौथ्या फेरीत ब्राइस मिलर आणि सहाव्या फेरीत ब्रायन वू घेतला. चौघेही पहिल्या दर्जाचे पिचर झाले. खालच्या फेरीतले हात वर येऊ लागले की समजावे, हे नुसते नशीब नाही, ही विद्या आहे.

चौथा आक्षेप गरीब संघांचा: वाढवायचे आम्ही आणि न्यायचे श्रीमंतांनी, मग उपयोग काय? यातला अन्याय खरा आहे. पण वेळेवर विकणे हीही याच विद्येची एक बाजू आहे. डिसेंबर २००४ मध्ये ओकलंडने हडसन आणि मल्डर या आपल्या दोन्ही आघाडीच्या पिचरांना देऊन टाकले. मल्डरचा खांदा लवकरच गेला. त्याच्या बदल्यात आलेल्या डॅन हॅरेनने २००७ चा ऑल-स्टार सामना सुरू केला. आपल्या पिचरचा हात इतरांपेक्षा आपल्याला जास्त कळतो, आणि ही माहिती पैशाने मिळत नाही.

६. मग करायचे काय

वरच्या विवेचनातून येणारे धोरण चार वाक्यांत सांगता येते. ड्राफ्टमध्ये आणि परदेशी करारांत पिचर संख्येने घ्यावेत, एकाला मुकुट घालून बसू नये. अदलाबदलीत बाहेरचा पिचर घ्यायचा तर तो अर्धवट घडलेला आणि आपल्याला उमगलेला असावा. बाजारातला महागडा पिचर घरचा ताफा उभा राहिल्यावरच आणावा, आणि कराराची लांबी त्याच्या वयाकडे पाहून ठरवावी. आणि मोठा करार करताना घरच्यालाही बाहेरच्याचेच माप लावावे, कारण कृतज्ञता आणि वैद्यकीय अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरच्या पिचरांचे गोडवे गाणाऱ्या याच व्यवसायाने मायनर लीगमधल्या मुलांना वर्षानुवर्षे उपाशीपोटी खेळवले. संघांनी त्यांच्या राहण्याची सोय करावी हा नियम २०२२ मध्ये आला. २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा कुठे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या, ट्रिपल-ए मधल्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाले. तोवर एकेका खोलीत पाच-सहा जण दाटीवाटीने राहत, मिळेल ते खात आणि हिवाळ्यात दुसरी नोकरी करत. अशा मुलाच्या कोपराची काळजी घेतो असे म्हणणाऱ्या संघाने आधी त्याच्या ताटात काय आहे ते पाहायला हवे होते. एका फ्री एजंटच्या एका वर्षाच्या पगारात एका संघाच्या मायनर लीगमधल्या सगळ्या मुलांचे जेवण, निवास, प्रशिक्षक आणि वैद्य यांचा दर्जा बदलू शकतो. हा खर्च मथळ्यांत येत नाही आणि त्याचे फळ चार-पाच वर्षांनी दिसते, म्हणून तो टाळला जातो.

चाहत्यांनी आपल्या संघाला विचारायचा प्रश्न म्हणूनच बदलायला हवा. या हिवाळ्यात कोणाला आणणार, असे विचारू नका. गेल्या पाच वर्षांत तुमच्या हाताखाली येऊन किती पिचर सुधारले, आणि तुम्हाला सोडून गेल्यावर किती सुधारले, हे विचारा. ज्या संघाकडे या प्रश्नाचे अभिमानाने देण्याजोगे उत्तर आहे, त्याने खुशाल बाजारात जावे, त्याचा पैसा वाया जाणार नाही. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याने घरच्या पोरांची आशाही दाखवू नये आणि बाहेरचा ताराही आणू नये. त्याने आधी मायनर लीगमध्ये शिकवू शकणारी माणसे नेमावीत.